सी शार्पची यादी जुन्या स्क्रिप्टच्या गळी उतरवताना : माझा अनुभव

जुनं काही बंद करायचं नाही आणि नवं सगळं सी शार्प या मायक्रोसॉफ्टच्या भाषेतच लिहायचं, असं ठरलं की मधला पूल बांधणाऱ्याचे काय हाल होतात ते नुकतंच भोगून झालंय. रात्री आपोआप चालणाऱ्या व्हीबीस्क्रिप्टच्या (विंडोजमधली जुनी स्क्रिप्टभाषा) फाइल्स आणि दिवसभर वापरात असलेले, व्हीबीए भाषेतले एक्सेलचे मॅक्रो, दोघांनाही सी शार्पच्या एकाच डीएलएलमधून, म्हणजे तयार कोडच्या फाइलमधून, ग्राहकांची यादी हवी होती. दोघंही कॉममार्फतच बोलतात; कॉम म्हणजे वेगवेगळ्या भाषांतल्या प्रोग्रॅमना एकमेकांना हाक मारू देणारी विंडोजची जुनी सोय. त्यामुळे एकाला जमलं की दुसऱ्यालाही जमणार, असं कोणीही धरून चालेल.

क्लास कॉमला दिसावा म्हणून त्यावर कॉमव्हिजिबल लावणं, इंटरफेस (बाहेर दिसणाऱ्या फंक्शनांची यादी) वेगळा लिहिणं, त्याला जीयूआयडी हा एकमेव ओळख क्रमांक देणं, रेगअ‍ॅझमने विंडोजमध्ये डीएलएलची नोंदणी करणं, यात सांगण्यासारखं काही नाही. एक्सेलमधला मॅक्रो लगेच चालला. नावांचा अ‍ॅरे आला, लूप फिरला, शीट भरली. मग तीच डीएलएल स्क्रिप्टला दिली.

टाइप मिसमॅच, म्हणजे प्रकार जुळत नाही.

तेही कुठे, तर अ‍ॅरेतलं पहिलं नाव मागितलं त्या ओळीवर. फंक्शन हाक मारल्यावर चालत होतं, उत्तर व्हेरिएबलमध्ये येत होतं. इझअ‍ॅरेला विचारलं, तो म्हणाला ट्रू. शेवटच्या घटकाचा क्रमांक सांगणाऱ्या यूबाउंडला विचारलं, एक्सेलमध्ये दिसत होता तोच आकडा. म्हणजे डबा समोर आहे, किती भरलाय तेही ठाऊक आहे, फक्त झाकण उघडायला बंदी! मिसमॅच नेमका कशाचा कशाशी, हे सांगायची तसदी संदेश घेत नाही. ओळ क्रमांक आणि 800ए000डी हा एरर क्रमांक एवढं तोंडावर फेकून मोकळा.

विचारलं तर जो तो एकच सांगतो, नोंदणी पुन्हा करा. केली. 32 बिट, 64 बिट दोन्ही केल्या. पण नोंदणी बिघडलेली असती तर ऑब्जेक्टच तयार झाला नसता, 429 क्रमांकाची एरर आली असती. इथे फंक्शन उत्तर देतंय आणि लोक नोंदणीवर बोट ठेवतायत, याचा वैताग अजून गेलेला नाही.

शेवटी उत्तराच्या प्रकाराचं नाव सांगणारं टाइपनेम छापून पाहिलं. स्ट्रिंग आणि पुढे रिकामा कंस. प्रकाराचा क्रमांक सांगणारं व्हारटाइप छापलं, 8200. इथे गाठ सुटली. 8192 म्हणजे अ‍ॅरे, त्यात 8 म्हणजे स्ट्रिंग. व्हीबीस्क्रिप्टमध्ये व्हेरियंट या काहीही मावणाऱ्या प्रकाराखेरीज दुसरा प्रकारच नाही, आणि अ‍ॅरेच्या घटकाला हात लावताना तिला तो व्हेरियंटचाच अ‍ॅरे लागतो, म्हणजे 8192 अधिक 12, 8204. सी शार्पने प्रामाणिकपणे स्ट्रिंगचा अ‍ॅरे पाठवला होता. एक्सेलच्या व्हीबीएला स्ट्रिंग हा प्रकार माहीत आहे, म्हणून त्याने हूं का चूं केलं नाही. इतका साधा मामला, आणि त्यापायी एवढा घोळ.

उपाय दोन ओळींचा. फंक्शनचा परतावा स्ट्रिंगच्या अ‍ॅरेऐवजी ऑब्जेक्टचा अ‍ॅरे ठेवायचा, नवा अ‍ॅरे करून त्यात एकेक नाव टाकायचं; सी शार्पचा ऑब्जेक्ट कॉमपलीकडे व्हेरियंट म्हणून पोचतो. व्हारटाइप 8204 दिसलं की समजा सुटलात. उलट्या बाजूनेही तेच: स्क्रिप्टकडून अ‍ॅरे घ्यायचा असेल तर सी शार्पच्या पॅरामीटरला नुसतं ऑब्जेक्ट ठेवा आणि आत उलगडा.

नुसती नावं नको, अख्खा ग्राहक ऑब्जेक्ट हवा असेल तर मात्र अ‍ॅरेच्या नादी लागूच नये. जेनेरिक लिस्टही (घटकांचा प्रकार वापरताना ठरवायची सी शार्पची यादी) चालणार नाही, कारण जेनेरिक प्रकार कॉमच्या हद्दीबाहेर राहतात. आपला छोटा कलेक्शन क्लास लिहायचा: काउंट, डिस्पआयडी (कॉम ज्यावरून मेथड ओळखतं तो क्रमांक) 0 दिलेला आयटम, आणि डिस्पआयडी उणे 4 दिलेला, घटक एकेक करून पुढे करणारा गेटइन्युमरेटर. स्क्रिप्टमधला फॉर ईच हा लूप उणे 4 च शोधतो. परतावा साधा आयइन्युमरेटर, जेनेरिकवाला नाही. आणि हो, तुमचा इंटरफेस आयइन्युमरेबलवरून आला म्हणून गेटइन्युमरेटर आपोआप पलीकडे दिसेल, असं नाही. मूळ इंटरफेसमधल्या मेथड कॉमला दिसत नाहीत, त्या स्वतःच्या इंटरफेसमध्ये पुन्हा लिहाव्या लागतात. माझा आयटम मी 1 पासून मोजतो, कारण व्हीबीएचं कलेक्शन तसंच मोजतं आणि मॅक्रोवाल्यांच्या हाताला तीच सवय आहे.

32 बिटवरून आठवलं. 64 बिट विंडोजवर सिस्टिम32 फोल्डरमधला सीस्क्रिप्ट (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) 64 बिटचा असतो आणि सिसवॉव64 मधला 32 बिटचा. ही नावं ज्याने ठेवली त्याला माझा साष्टांग नमस्कार. एक्सेल 32 बिटचं आणि स्क्रिप्ट 64 बिटची असेल, तर डॉट नेटच्या (सी शार्प ज्यावर चालते ती यंत्रणा) फ्रेमवर्क आणि फ्रेमवर्क64 या दोन्ही फोल्डरमधल्या रेगअ‍ॅझमने नोंदणी हवी.

ग्राहक क्रमांक सी शार्पच्या लाँगमध्ये ठेवला असेल तर तो 64 बिटचा असतो, व्हीबीस्क्रिप्टला तो पचत नाही, ती 458 क्रमांकाची एरर देते. 32 बिटचा इंट ठेवा, नाहीतर सरळ स्ट्रिंग करून पाठवा. एक्सेल उघडं असताना बिल्ड करू नका, ते डीएलएल धरून बसतं. क्रिएटऑब्जेक्टने तयार अ‍ॅरेलिस्ट घेण्याची युक्तीही सुचवली जाते, पण मशीनवर डॉट नेट 3.5 नसेल तर ती तिथेच आडवी होते. मला तो भरवसा नको होता.

व्हीबीस्क्रिप्ट 1996 पासूनची. तिची निवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर झाली आहे, आणि साधारण 2027 पासून ती विंडोजमध्ये आपसूक चालू नसेल, मुद्दाम चालू करावी लागेल, असं वेळापत्रक आहे. म्हणजे आमच्या स्क्रिप्टाही पॉवरशेल या मायक्रोसॉफ्टच्या नव्या स्क्रिप्टभाषेत जाणारच, आणि पॉवरशेल स्ट्रिंगचा अ‍ॅरे मुकाट्याने घेते. तोवर सी शार्पमधला तो वरवर निरर्थक दिसणारा कॉपीचा लूप राहणार. कोणी साफसफाईच्या उत्साहात उडवू नये म्हणून त्याच्या डोक्यावर ‘8204’ अशी कॉमेंट टाकून ठेवली आहे.