दीडशेला चार कमी

30 मे 2018 रोजी बारावीचा निकाल लागला, तेव्हा एकूण टक्केवारी पाहण्याआधी मी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांची बेरीज केली. 43, 45 आणि 58, म्हणजे 300 पैकी 146. खुल्या प्रवर्गातून एमबीबीएसला प्रवेश घ्यायचा तर या तीन विषयांत मिळून किमान 50 टक्के, म्हणजे 150 गुण आवश्यक होते. मागासवर्गीय उमेदवारांसाठी ही अट 40 टक्क्यांची होती, परंतु ती मला लागू नव्हती. भौतिकशास्त्राचे 43 गुणही दिसत होते तेवढे खरे नव्हते. त्यांतले 26 प्रात्यक्षिकाचे होते आणि लेखी परीक्षेत 70 पैकी मला 17 मिळाले होते.

पाच दिवसांनी, 4 जूनला, नीटचा म्हणजे वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल आला. मला 720 पैकी 287 गुण होते. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाची पात्रता 119 गुणांवर होती, त्यामुळे निकालपत्रावर मी पात्र ठरले होते आणि दोन-तीन नातेवाइकांनी अभिनंदनाचे फोनही केले. नीटला पात्र आणि बारावीला अपात्र ही अवस्था त्यांना समजावून सांगण्याइतके त्राण त्या दिवशी माझ्यात नव्हते.

विज्ञानात कमी गुण पडले की वैद्यकीयचा नाद सोडावा, असे मला अनेकांनी सांगितले. प्रवेशाची माहितीपुस्तिका शांतपणे वाचल्यावर मात्र लक्षात आले की या सांगण्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होत होती. बारावीचे गुण हा केवळ उंबरठा होता. तो ओलांडला की पुढची गुणवत्ता यादी सर्वस्वी नीटच्या गुणांवर लागत होती आणि तिथे बारावीला 151 मिळवणारा व 290 मिळवणारा यांच्यात काहीही फरक केला जात नव्हता. म्हणजे मला दोन कामे करायची होती आणि ती दोन्ही वेगवेगळ्या प्रकारची होती.

पहिले काम मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेतून होण्यासारखे होते. बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला सर्व विषय घेऊन लगतच्या दोन परीक्षांमध्ये पुन्हा बसता येत होते. माझ्यासाठी पहिली संधी त्याच वर्षीच्या जुलैमधील पुरवणी परीक्षेची होती आणि घरात सर्वांचा आग्रह तीच घेण्याचा होता. मी ती घेतली नाही. 287 गुणांवर शासकीय महाविद्यालय मिळण्याची शक्यताच नव्हती आणि खाजगी महाविद्यालयाचे शुल्क आम्हाला झेपणारे नव्हते. अशा स्थितीत घाईने चार गुण वाढवून काहीच साधणार नव्हते. फेब्रुवारी 2019 ची दुसरी संधी घ्यायची आणि तोपर्यंत नीटचा अभ्यास मुळापासून करायचा, असे मी ठरवले. इंग्रजी आणि इतर विषयही पुन्हा द्यावे लागणार, याचा त्रास मात्र मी कमी लेखला होता.

दुसरे काम अधिक अवघड होते, कारण माझे भौतिकशास्त्र कच्चे का आहे हेच मला ठाऊक नव्हते. ते एका साध्या उदाहरणाने कळले. उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचे वजन उताराला समांतर आणि लंब अशा दोन घटकांत विभागायचे असते. ‘उताराच्या दिशेने साइन, लंब दिशेने कॉस’ असे मी दोन वर्षे पाठ करून ठेवले होते. नव्या शिकवणीतल्या सरांनी एके दिवशी कोन जमिनीशी न देता उभ्या रेषेशी दिला आणि मी नेहमीप्रमाणे साइन लिहून मोकळी झाले. त्यांनी उत्तर तपासलेच नाही. ‘आकृती काढ,’ एवढेच ते म्हणाले. मी काढलेल्या आकृतीत बाणाचे टोक कुठे यावे हेच मला सांगता येईना. माझी अडचण भौतिकशास्त्राची नव्हतीच. दहावीची त्रिकोणमिती आणि अकरावीचे सदिश (व्हेक्टर) न समजताच मी पुढे सरकले होते. त्यानंतरचे सहा आठवडे मी नीटचा एकही प्रश्न सोडवला नाही, केवळ सदिश, लॉगरिदम आणि आलेख केले. बरोबरीच्या मुली तोवर सराव परीक्षा देत होत्या, त्यामुळे ते दिवस फार अस्वस्थतेत गेले.

आदल्या वर्षीच्या नीटच्या उत्तरपत्रिकेचा हिशेबही मी मांडून पाहिला. भौतिकशास्त्राच्या 45 प्रश्नांपैकी माझे 11 बरोबर आणि 21 चूक होते. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा, म्हणून 44 मधून 21 जाऊन हातात 23 राहिले होते. अंदाजाने ठोकलेल्या उत्तरांनी माझी जवळजवळ अर्धी कमाई खाल्ली होती. दुसरीकडे जीवशास्त्राला एकट्याला 360, म्हणजे निम्मे गुण होते. तो विषय मला आवडत असूनही मी त्यात 196 वर होते, कारण सगळा वेळ मी भौतिकशास्त्राच्या भीतीत घालवला होता. मग एनसीईआरटीची जीवशास्त्राची दोन्ही पुस्तके आकृत्यांखालच्या ओळींसकट वाचायची, पेपरात जीवशास्त्र आधी संपवायचे आणि भौतिकशास्त्रात खात्री नसलेल्या प्रश्नाला हात लावायचा नाही, एवढे तीन नियम केले. रसायनशास्त्राबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. ते सरावाने सुधारले.

28 मे 2019 रोजी श्रेणीसुधाराचा निकाल आला: 61, 66 आणि 79, एकूण 206. 5 जूनच्या नीटच्या निकालात जीवशास्त्रात 320, रसायनशास्त्रात 132 आणि भौतिकशास्त्रात 94, असे 546 गुण होते. भौतिकशास्त्रात मी नऊ प्रश्न कोरे सोडले होते आणि त्यांचे मला अजिबात वाईट वाटले नाही.

कागदपत्रांच्या पडताळणीच्या दिवशी मात्र जीव घशाशी आला. फाइलमध्ये दोन्ही गुणपत्रिका होत्या आणि जुनी वर राहिली होती. टेबलावरच्या लिपिकांनी तिन्ही गुणांखाली पेन्सिलीने रेघ ओढली, बेरीज केली आणि फाइल मिटवत म्हणाले, ‘तुझे दीडशे होत नाहीत. पुढचा.’ माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाबा मागून म्हणाले, ‘साहेब, खालची गुणपत्रिका बघा, श्रेणीसुधाराची आहे.’ त्यांनी फाइल पुन्हा उघडली, नवी गुणपत्रिका पाहिली, शेजारच्या मॅडमना ‘ही चालते ना?’ असे विचारले आणि त्यांनी मान हलवल्यावर शिक्का मारला. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नसतील. ज्यांनी श्रेणीसुधार केला असेल त्यांनी फाइल लावताना नवी गुणपत्रिका वर ठेवावी. शिक्षणातल्या एक वर्षाच्या खंडाचे प्रतिज्ञापत्रही आधीच करून ठेवावे, कारण आमच्या मागच्या मुलाला त्यासाठी परत जावे लागले.

प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत मला शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली. घरापासून ते लांब होते आणि पुढच्या फेरीत जवळचे मिळण्याची थोडी आशा होती. तरीही मी त्याच दिवशी स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेली जागाच कायम ठेवून पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडण्याचा, फॉर्म भरून दिला.