दारव्ह्याहून मेलबर्न, मैलांवर: जाताना सिंगापूरला मुक्काम, परतताना सिडनीहून

हरभरा घरात आला की निघायचं आणि अक्षय तृतीयेच्या आत परत यायचं, एवढीच मोकळीक आमच्याकडे होती. दारव्हा तालुक्यात आमचं कृषी केंद्र आहे, सोबत शेती. मे लागला की बियाण्याच्या, खताच्या गाड्या सुरू होतात, मग दिवाळीपर्यंत दुकान सोडता येत नाही. दिवाळीनंतर कापसाची वेचणी, मग तूर, मग हरभरा. धाकटा भाऊ मेलबर्नला असतो आणि आई कित्येक वर्षं म्हणत होती, एकदा त्याचं घर पाहू दे. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये आई, बायको आणि मी जाऊन आलो. मुंबईहून सिंगापूर, तिथं दोन रात्री, मग मेलबर्न. परतीला सिडनीहून सिंगापूरमार्गे मुंबई. तिन्ही तिकिटं क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांचे विमान कंपनीचे मैल (ज्यांवर तिकीट मिळतं असे खात्यातले गुण) करून काढली. खिशातून फक्त कर भरले.

आईला हे सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "फुकट कोन नेते बापा इतक्या दूर?" फुकट नाहीच. बियाण्या-खताच्या कंपनीला, विमा हप्त्याला, दुकानाच्या सामानाला जे पैसे आम्ही तसेही देत होतो ते चार वर्षं कार्डाने दिले, त्याचे हे पॉइंट. इंधन, घरभाडं, वॉलेट, सरकारी भरणा यांवर बऱ्याच कार्डांना पॉइंट मिळत नाहीत, ते आधी वाचून घ्या. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला हात धरून सांगतो: कार्डाचं पूर्ण बिल मुदतीत भरता येत नसेल तर या वाटेला जाऊ नका. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाचे चाळीसएक टक्के. आपल्या भागात व्याजानं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कोणत्याही विमानप्रवासाची किंमत तेवढी नाही.

आता मुख्य मुद्दा. मैलांवर मिळणाऱ्या जागा विमानात वेगळ्या राखलेल्या असतात आणि थोड्या असतात. विमानात पन्नास जागा रिकाम्या दिसल्या तरी मैलांवर एकही नसू शकते. म्हणून आधी जागा शोधायची, मगच बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे पाठवायचे. हा क्रम मी पहिल्यांदा उलटा केला. आधीच्या वर्षी एका कंपनीच्या खात्यात पॉइंट पाठवून दिले आणि नंतर शोधायला बसलो. आमच्या तारखांना तीन जागा एकत्र मिळेनात. बँकेतून गेलेले पॉइंट परत येत नाहीत. ते मैल तिथेच पडून राहिले आणि मुदत संपून गेले. बरीच जमवाजमव होती ती.

दुसऱ्या वेळी सिंगापूर एअरलाइन्सचा क्रिसफ्लायर, म्हणजे त्यांची मैलांची योजना, निवडला, कारण त्यांच्या जागा जवळजवळ ३५५ दिवस आधी खुल्या होतात. यात एक अडचण आहे. जाण्याची तारीख खुली होते तेव्हा परतीची अजून खुली झालेली नसते आणि आम्हाला जाणं-येणं एकाच तिकिटावर हवं होतं (का ते पुढे सांगतो). त्यामुळे परतीच्या तारखेची वाट पाहिली. एप्रिल २०२४ च्या शेवटी, पुढच्या वर्षी हरभरा कधी निघेल याचा अंदाज बांधत, आम्ही तारखा धरल्या. शेतकऱ्याला वर्षभर आधी तारीख ठरवणं जड जातं. पण मैलांचं तिकीट थोडी फी भरून बदलता किंवा रद्द करता येतं, मैल खात्यात परत येतात. याच कारणाने आधी तिकीट आणि मग व्हिसा, हा क्रमही सोयीचा पडला.

पॉइंट पाठवल्यावर ते पोचायला बँकेप्रमाणे काही मिनिटांपासून काही दिवसही लागतात. त्यामुळे मी महिनाभर आधी अगदी थोडे पॉइंट पाठवून पाहिले. बरं झालं, कारण नावाचा घोळ तिथेच सापडला. आपल्याकडे पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन नावं असतात. बँकेत एकच असतं, कधी आडनाव आधी असतं. बँकेतलं नाव आणि विमान कंपनीच्या खात्यातलं नाव जुळलं नाही तर पॉइंट अडकतात. खातं उघडतानाच पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षरन्‌अक्षर तसंच लिहा. क्रिसफ्लायरमध्ये खातेदाराशिवाय पाच जणांची नावं नोंदवता येतात, त्यांनाच आपल्या मैलांवर नेता येतं. ही नावंही पासपोर्टप्रमाणेच.

मुक्कामाचं गणित आता. आंतरराष्ट्रीय तिकिटावर मधल्या शहरात २४ तासांपेक्षा कमी थांबलात तर ते नुसतं विमान बदलणं. त्याहून जास्त थांबलात तर तो मुक्काम, म्हणजे स्टॉपओव्हर. प्रत्येक कंपनीचा मुक्कामाचा नियम वेगळा आहे आणि बहुशहरी तिकिटाचा सगळा फायदा त्या नियमात असतो. आम्ही काढलं तेव्हा क्रिसफ्लायरच्या सेव्हर, म्हणजे कमी मैलांच्या, दरात जाऊन-येऊन तिकिटावर एक मुक्काम बिनमोबदला होता. जाणं आणि येणं वेगवेगळं काढलं असतं तर तो गेला असता. शिवाय ज्या शहरात उतरलो तिथूनच परत निघायची सक्ती नाही. मेलबर्नला उतरा, सिडनीहून निघा. ही दोन्ही शहरं मैलांच्या तक्त्यात एकाच विभागात येतात म्हणून एक मैलही जास्त लागला नाही. पर्थ जवळच्या, स्वस्त विभागात आहे. तिथं कुणी असेल तर त्यांना कमी मैल पुरतील.

शोधताना पूर्ण प्रवास एकदम टाकू नका. मुंबई-सिंगापूर वेगळं पाहा, सिंगापूर-मेलबर्न वेगळं, सिडनी-मुंबई वेगळं. तीन जागा कुठल्या दिवशी आहेत ते वहीत लिहून घ्या आणि मग संकेतस्थळावरच्या 'मल्टी-सिटी'मध्ये जुळवा. मी हे दुकान बंद झाल्यावर रात्री करायचो, खतांच्या साठ्याच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर. काही तारखांना 'वेटलिस्ट' दिसेल. रेल्वेच्या वेटिंगची आपल्याला सवय आहे म्हणून भरवसा वाटतो, पण इथं आरएसी नाही आणि चार्टही लागत नाही. वेटलिस्टवर घरच्यांच्या रजा ठरवू नका.

मैल वापरणं परवडतं का, हे काढायची रीत सोपी आहे. समजा तेच तिकीट रोखीनं ६०,००० रुपयांना आहे, मैलांवर काढताना कर १२,००० आणि मैल ४०,००० लागतात. उरलेले ४८,००० भागिले ४०,०००, म्हणजे मैलाला १ रुपया २० पैसे. बँक त्याच पॉइंटाचे रोख किती देते ते बघा आणि ठरवा. कराकडे दुर्लक्ष करू नका. ऑस्ट्रेलियातून निघताना माणशी ७० ऑस्ट्रेलियन डॉलर तर नुसता त्यांच्या सरकारचा आकार तिकिटात येतो. सिंगापूर एअरलाइन्स स्वतःच्या विमानांवर मैलांच्या तिकिटाला इंधन अधिभार लावत नाही. काही कंपन्या लावतात आणि मग 'मैलांचं' तिकीट चांगलंच महाग पडतं.

पैसे भरताना कार्डावर परदेशी व्यवहार सुरू असल्याची खात्री करा. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो त्याला रेंज असू द्या. आमच्याकडे रात्री घरात रेंज नसते. मी गच्चीवर लॅपटॉप नेऊन तिकीट काढलं.

खेड्यातून जाणाऱ्यांसाठी सगळ्यात जोखमीचा टप्पा मेलबर्नचा नसून मुंबईचा आहे. नागपूर-मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढलं आणि ते विमान रद्द झालं, तर पुढच्या कंपनीवर तुमची काही जबाबदारी नाही. विमान चुकलं की पुढचे सगळे टप्पे रद्द होऊ शकतात. एअर इंडिया सिंगापूर एअरलाइन्सच्याच गटात, स्टार अलायन्समध्ये, असल्यानं नागपूरचा टप्पा त्याच तिकिटात घालता येतो, पण भागीदार कंपनी आली की क्रिसफ्लायरचा दुसरा, जास्त मैलांचा तक्ता लागू होतो. दुसरा प्रश्न सामानाचा. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो, पुढे २५-३०. भावाकडे निघालेल्या आईचं सामान १५ किलोत बसवणं शक्यच नव्हतं. म्हणून यवतमाळमार्गे धामणगाव गाठलं, विदर्भ एक्सप्रेसनं रात्रभराचा प्रवास करून दादरला उतरलो आणि नातेवाइकांकडे एक पूर्ण दिवस थांबलो. विमान दुसऱ्या दिवशी रात्री उशिराचं होतं. तो एक दिवस वाया गेला असं वाटू देऊ नका. गाडी सहा तास उशिरा आली असती तरी आम्ही निर्धास्त होतो, आणि आईची झोपही झाली.

सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो. पण ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान, न्यूझीलंड, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडचा चालू व्हिसा हातात असेल आणि तुम्ही तिसऱ्या देशात जाता-येता थांबत असाल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय राहू देतात. तो व्हिसा उतरल्या दिवसापासून निदान महिनाभर चालू असावा आणि पुढचं पक्कं तिकीट दाखवावं लागतं. प्रवेश द्यायचा की नाही हे शेवटी तिथला अधिकारी ठरवतो, म्हणून दोन्ही कागद छापून जवळ ठेवा. सिंगापूरला पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन 'अरायव्हल कार्ड' भरायचं. ते मोफत आहे, पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही.

आपल्या भागातल्या लोकांसाठी मोठ्या अक्षरांत लिहितो: खर्रा नेऊ नका. खाण्याची तंबाखू सिंगापूरमध्ये नेण्यावरच बंदी आहे. सुटकेसच्या कोपऱ्यात, पर्सच्या कप्प्यात, कोटाच्या खिशात एखादी पन्नी राहिली आहे का ते घरीच तपासा.

आम्ही लिटल इंडियात उतरलो. सेरंगून रोडवरचं वीरमाकाळीअम्मन देऊळ आईला पायी जाण्याइतकं जवळ होतं, आणि १९४७ पासून चालू असलेल्या कोमला विलासमध्ये तिला तिच्या पोटाला मानवणारं जेवण मिळालं. आदल्या दिवशी ती विचारत होती, "मंदातच उतरायचं कायले?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्राकाठच्या बागेत बसून म्हणाली, बरं झालं थांबलो, पाय सुटले. साठीपुढच्या माणसाला घेऊन जाताना मुक्कामाचा खरा उपयोग हाच आहे. पाच-साडेपाच तास बसणं, दोन रात्री आडवं होणं, मग पुढचे सात-आठ तास.

परतीला चांगीवर, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, फक्त विमान बदलायचं होतं. तिथला तो छताखालचा उंच धबधबा ज्वेल इमारतीत आहे, म्हणजे इमिग्रेशनच्या बाहेर. आत राहूनच पाहता येईल अशा हिशोबात राहू नका. बघायचा असेल तर मुक्कामाच्या बाजूला बघून घ्या.

मेलबर्नच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तूंची तपासणी कडक असते. फॉर्मवर प्रत्येक वस्तू लिहा. आम्ही सांडगे, कुरडया, पापड, तिखट, तुरीची डाळ लिहिली; अधिकाऱ्यानं पिशव्या उघडून पाहिल्या आणि जाऊ दिलं. लिहिलेली वस्तू चालणारी नसेल तर ठेवून घेतात. न लिहिता सापडली तर मोठा दंड होतो. दुधाचे पदार्थ, ताजी फळं, कढीपत्ता, पेरायचं बियाणं नेऊ नका. मी बियाणं विकतो, भावाच्या परसात लावायला चवळी-गवार न्यायचा मोह झालाच होता. ती घरी ठेवली. ३० मार्चला गुढीपाडवा आला. कडुनिंबाचा पाला नेता येत नव्हता, तर भावाच्या अंगणातल्या लिंबूच्या झाडाची डहाळी बांधून आईनं गुढी उभारली.

मेलबर्नहून सिडनीला रेल्वेनं गेलो, साधारण अकरा तास. विमान तासा-दीड तासात पोचवतं, पण आईला शेतं पाहायची होती. मला नॅराब्रायकडचा कापसाचा पट्टाही पाहायचा होता. एप्रिलमध्ये तिथं यंत्रांनी वेचणी चालू असते. तो आमच्या वाटेवर नव्हता.

युरोपला जाणाऱ्यांनी आधी नागपूरहून कतार एअरवेजचं दोहाचं विमान आपल्या तारखांना आहे का ते पाहावं. त्यांचे मैल, म्हणजे एव्हिओस, ब्रिटिश एअरवेज, फिनएअर यांच्या खात्यांतही हलवता येतात, आणि मुख्य म्हणजे मुंबईचा टप्पाच टळतो. अमेरिका-कॅनडाकडे मुलं असतील तर एअर कॅनडाची मैलांची योजना, एरोप्लॅन, बघा. एकमार्गी तिकिटातही ५,००० पॉइंट जास्त देऊन वाटेत एक मुक्काम घेता येतो, फक्त तो अमेरिका-कॅनडाच्या आत चालत नाही. मैलांचे दर अधूनमधून वाढतात, म्हणून जागा सापडेपर्यंत पॉइंट बँकेतच राहू द्यावेत.

क्रिसफ्लायरचे मैल मिळाल्यापासून तीन वर्षांनी संपतात. आमच्या खात्यात एका माणसाच्या जाण्यापुरते उरले आहेत. भावाचं नाव त्या पाच नावांत घातलं आहे. दिवाळीच्या तारखांना मेलबर्न-मुंबई सेव्हरमध्ये एक जागा दिसते का ते मी रोज रात्री दुकान बंद केल्यावर पाहतो.