दाखल्यातला एक रकाना

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या ज्या सरकारी शाळेत मी शिकवते, ती आठवीपर्यंतच आहे. निकाल लागला की दाखले लिहायचे काम माझ्याकडे येते. त्यात एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. तिथे हात सवयीनेच 'पुढील शिक्षणासाठी' असे लिहून जातो.

त्या दिवशी तो थांबला. काजूचा हंगाम सरत आला होता. एका मुलीचे वडील दाखला न्यायला आले, सोबत त्यांची आई, तिच्या लुगड्याला बोंडूंचा वास. "कारण काहीही लिहा, बाई. ती आता म्हापशाला मावशीकडे राहील. मावशीचं पोर लहान आहे."

मुलगी दाराशी उभी होती. मी फळ्यावर गणित मांडून होईतो हिच्या वहीत उत्तर तयार असायचे.

शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापर्यंतचा. त्यापुढे कायद्याचा हात सुटतो, आणि नेमक्या तिथेच मुली निसटतात. जागतिक बँकेचा 2018 चा अहवाल सांगतो की माध्यमिक शिक्षण झालेली बाई अजिबात न शिकलेलीच्या जवळपास दुप्पट कमावते. नुसते प्राथमिक झालेलीला मात्र थोडेच जास्त मिळते. म्हणजे घराची गरिबी हटायची तर नववी-दहावीच महत्त्वाची, आणि तीच आमच्या हातून जाते. हे सगळे माझ्या ओठांवर होते. पण समोरच्या माणसाचा चेहरा पाहून एवढेच विचारले, "खरं अडतं कुठं?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाळपईची बस पावणेसातला. वाड्यावरून थांब्यापर्यंत सगळं रान. पावसाळ्यात सहाला काळोखच असतो, गवे उतरतात. मी पहिल्या पाळीला पाचलाच निघतो. एकटी कशी पाठवू?"

मुलगी शिकायला नको, असे त्यांच्या मनातही नव्हते. मी मनातल्या मनात त्यांना किती बोलले होते!

"मी सोडीन तिला," म्हातारी म्हणाली.

गोवा मुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या. त्यातल्याच एकीत ती चौथी शिकली होती. "पुढची शाळा लांब. मला सोडायला कोण नव्हतं."

"आई, तुझे गुडघे..."

"मला एक चांगली बॅटरी आणून दे."

खालच्या वाड्यावरच्या दोन मुली त्याच बसने जातात, त्यांना वाटेत गाठा, चौघी मिळून जा, असे मी सुचवले. वडिलांनी मान हलवली, पण लगेच नाही. आधी त्यांनी मुलीकडे पाहिले.

मी पेन उघडले. मुलगी दारातून आत आली आणि मी काय लिहिते ते टेबलावर वाकून वाचू लागली.