पाच तारांचा बेस गिटार: नेक तयार, आता किमतीचं बोलू

मंडळी, बेस गिटारच्या नेकचं, म्हणजे लांब दांडीचं, काम मार्गी लागलं. पाच पट्ट्या चिकटवून झाल्या, ट्रस रॉडची (नेकचा बाक सांभाळणाऱ्या धातूच्या सळईची) खाच पाडली, दोन्ही अंगांना कार्बन फायबरच्या सळ्या बसवल्या. तीन पट्ट्या सागाच्या आणि त्यांच्यामध्ये दोन बारीक शिसवीच्या. साग नौपाड्यात पुनर्विकासासाठी पाडलेल्या इमारतीच्या तुळईचा आहे. खिळे उपटून वागळे इस्टेटमधल्या सॉ मिलवर चिरून घेतला. इतक्या वर्षांत लाकूड मुरून शांत झालंय, फळी हलत नाही. पण साग तेलकट असतो, त्यामुळे चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसून लगेच सरस लावावा लागतो, नाहीतर सांधा धरत नाही. शिवाय त्यात सिलिका असते, रंध्याचं पातं बघता बघता बोथट होतं. मी दर थोड्या वेळाने पातं काढून दगडावर घासत होतो.

हे चालू असतानाच एका मित्राचा फोन आला. ठाण्यातच बँडमध्ये वाजवतो. त्याने एका कारागिराकडून हाताने बनवलेल्या बेसचा भाव काढला होता आणि आकडा ऐकून तो हबकला होता. "अरे, लाकूड आणि चार स्क्रू. एवढे पैसे कसले?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.

आधी डॉलर. चांगल्या खुंट्या, ब्रिज (तारांचं खालचं टोक बसतं तो भाग), पिकअप (तारांच्या कंपनाचा विद्युत संकेत करणारा भाग), प्रीअ‍ॅम्प (तो संकेत वाढवणारं सर्किट) हे सगळं अजून बाहेरूनच येतं. २०१७ मध्ये डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, आता ८५ च्या पुढे आहे. म्हणजे ३०० डॉलरचे सुटे भाग तेव्हा साडेएकोणीस हजारांना पडायचे, आज साडेपंचवीस हजारांच्या वर जातात. तेही भाग बनवणाऱ्या कंपनीने एक सेंटही वाढवला नाही असं धरून. त्यावर कुरियर, त्यावर कस्टम ड्युटी, आणि आयजीएसटी लागतो तो या ड्युटीसकटच्या रकमेवर. कारागिराच्या हातात यातलं काहीच नाही.

मग लाकूड. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने २०२० मध्ये स्वॅम्प अ‍ॅश हे गिटारच्या अंगाला लागणारं लाकूड आपल्या बहुतेक नेहमीच्या मॉडेलांतून काढून टाकलं. अ‍ॅशची झाडं पोखरणारा हिरवा भुंगा पूर्व आशियातून अमेरिकेत पोचला, २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि पसरत गेला. त्यात मिसिसिपीकाठचे लांबलेले पूर. एवढी मोठी कंपनी मागे सरते, तिथे दोन-चार फळ्या घेणाऱ्या माणसाला काय भाव लागत असेल बघा. शिसवीचं प्रकरण तर आपल्या घरचं. सह्याद्रीत वाढणारं हे झाड जगभरच्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्टीवर, आहे. २ जानेवारी २०१७ पासून त्याच्या डाल्बर्जिया गटातली जवळजवळ सगळी झाडं साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात गेली आणि सीमेपलीकडे पाठवायला परवाने लागू लागले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, कच्च्या लाकडाची कागदपत्रं मात्र राहिली. जंगल वाचायचं तर हे हवंच, माझं याबद्दल दुमत नाही. पण त्याचा खर्च शेवटी वाद्याच्या किमतीतच येतो.

आता हाताचं काम. माझ्या मते खरी किंमत इथे आहे, आणि गिऱ्हाईक घासाघीस करतं तीही नेमकी इथेच.

फ्रेटच्या, म्हणजे त्या पट्टीवर आडव्या बसणाऱ्या धातूच्या तारांच्या, खाचा घ्या. ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) म्हणजे ८६३.६ मिमी. पहिला फ्रेट नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) ४८.४७ मिमीवर, दुसरा ९४.२२ वर. पहिल्या फ्रेटला अर्धा मिलिमीटर चुकला तर सूर जेमतेम एक सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) हलतो. विसाव्याला तोच अर्धा मिलिमीटर तीन सेंट हलवतो, कारण तिथे तार तिपटीने आखूड झालेली असते. फ्रेट ठोकून झाले की प्रत्येकाच्या माथ्यावर मार्करची शाई फासायची आणि लांब सपाट कानस अगदी हलक्या हाताने फिरवायची. शाई गेली तो फ्रेट उंच, राहिली तो खाली. सगळ्यांची शाई एकसारखी पुसली जाईपर्यंत हेच. मग एकेका माथ्याला पुन्हा गोलाई द्यायची, पॉलिशपेपर बारीक बारीक करत न्यायचा. पाच तारांचा मिळून ताण ८०-१०० किलोच्या घरात जातो. त्या ताणाखाली नेक वाकून तार दोन्ही टोकांच्या फ्रेटवर दाबली असता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली साधारण ०.३ मिमी फट राहिली पाहिजे. खालच्या बी तारेचा सूर ३०.८७ हर्ट्झ, ती सर्वांत रुंद हेलकावे घेते. फट कमी पडली की तीच पहिली खडखडते.

आणि आपल्याकडचा पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याच्या हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर सहज जाते. लाकूड कामाला घेताना ती ४५-५० टक्क्यांच्या आसपास हवी. म्हणजे डीह्युमिडिफायर जवळजवळ अखंड चालू, आणि विजेचं बिलही तसंच. ज्याचं पोट यावर आहे त्याने हे बिल कुठून काढायचं?

मित्राला मी एवढंच म्हटलं, बजेट बसत नसेल तर प्रीअ‍ॅम्प वगळ, साधे पिकअप घे, अंगाला साग किंवा महोगनी चालव. फ्रेटच्या कामात मात्र पैसे कमी करायला सांगू नकोस. तो आता पॅसिव्ह (प्रीअ‍ॅम्प नसलेला) बेस बनवून घ्यायचा विचार करतोय, आणि मला तो निर्णय पटला.

माझ्याकडे पुढचं काम फ्रेटबोर्ड चिकटवण्याचं. पाऊस ओसरेपर्यंत नेक सपाट फळीवर बांधून ठेवणार आणि अधूनमधून सरळ पट्टी लावून बघणार. पिकअप स्वतःच गुंडाळायचं ठरवलंय. ४२ गेजची एनॅमल तांब्याची तार लॅमिंग्टन रोडवर किंवा तुर्भ्याकडे किरकोळ कोण देतं, हे कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. पूर्ण मोठं रीळ घ्यावं लागलं तर दोघातिघांत वाटून घेऊ.