आमची वाटचाल: दाणा बाजार ते नाकाला

आमच्या जळगावच्या डाळगिरणीच्या ऑफिसात एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी भाव लिहायचे: लेमन, गजरी, मटवारा, अरुषा, आणि सगळ्यात खाली गावरान. नवीन माणसाला वाटतं ही लुगड्यांची नावं असतील. ही सगळी तूरच. लेमन म्यानमारची, गजरी मोझांबिकची, अरुषा आणि मटवारा टांझानियाची. तिथलं 'म्त्वारा' हे नाव आपल्या दलालांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी त्याचं मटवारा करून टाकलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गिरणी सुरू केली तेव्हा फळाही नव्हता आणि नावंही नव्हती. तूर म्हणजे तूर. फार तर पारोळ्याची की चोपड्याची, एवढाच प्रश्न असायचा.

अण्णा मूळचे अमळनेर तालुक्यातले. जळगावच्या दाणा बाजारात एका आडतीवर मुनीम होते. १९८९ मध्ये त्यांनी भाड्याच्या शेडमध्ये एक रोलर आणि दोन चाळण्या टाकल्या. ९८ साली आम्ही एमआयडीसीत आलो आणि नंतर कर्ज काढून कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून खराब दाणा वेगळा काढणारं यंत्र, घेतला. प्रत्येक गिरणीवाल्याची हीच कथा आहे, त्यामुळे हप्ते किती थकले ते सांगत बसत नाही.

डाळ कशी होते हे मात्र सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. तूर आधी चाळायची, खडे काढायचे. मग रोलरवर दाण्याला नुसते ओरखडे पाडायचे. त्यावर तेलाचा हात द्यायचा, ढीग रात्रभर मुरू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर उन्हात पसरायचा. हे दोन-तीनदा करावं तेव्हा कुठे टरफल सुटतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की सगळं जळगाव बोंबलतं, आम्ही मात्र ओटे झाडायला घेतो. ड्रायर आता आहे, पण अण्णांच्या मते त्याच्या डाळीला उन्हाचा वास नसतो. शंभर किलो तुरीतून सत्तर-बहात्तर किलो डाळ मिळते. बाकी चुणी आणि टरफल, ते गुरांच्या पोटात. रोलर बंद राहिला तरी हमालांची मजुरी, विजेचं किमान बिल आणि व्याज काही थांबत नाही.

आणि रोलर बंद पडायचा तो नेमका दिवाळीच्या आधी. आपली तूर बाजारात येते डिसेंबर ते फेब्रुवारीत. गणपतीपर्यंत गोदामाचा तळ दिसू लागतो. मोझांबिकची तूर निघते जुलैच्या पुढे, म्हणजे जहाज इकडे पोचतं ते आपल्याकडे दाणा नसतो तेव्हा. तिथले लोक आपल्यासारखं वरण करत नाहीत. हे पीक ते मुख्यतः भारताला विकण्यासाठीच घेतात. म्यानमारच्या तुरीचंही तेच. वरण-बट्टी आपण खायची आणि पेरणी समुद्रापलीकडच्याने करायची, असा हा व्यवहार आहे.

बरीच वर्षं आम्ही ही तूर मुंबईच्या आयातदारांकडून घ्यायचो. २०१५ मध्ये डाळ किलोला दोनशेवर गेली तेव्हा गिऱ्हाईक दुकानात येऊन आम्हालाच शिव्या देत होतं. पुढच्या जुलैत पंतप्रधान मापुतोला गेले आणि मोझांबिकशी करार झाला: वर्षाला एक लाख टनांपासून सुरुवात करून २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन. पेपरातली ती बातमी मी कापून ठेवली होती. दोन सरकारांनी हात मिळवल्याच्या बातम्या रोजच येतात. त्यातली एक आपल्या रोलरशी निगडित आहे, असं पहिल्यांदाच वाटलं.

पण त्याच वर्षी पाऊस चांगला झाला. आपल्याकडे तुरीचं विक्रमी पीक आलं. हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली. माझे मामा पारोळ्याजवळ शेती करतात. ते गिरणीत आले, फळ्यावर 'गजरी' वाचलं आणि अहिराणीतच सुनावलं, "भाचा, आते तू आफ्रिकाना दाना खाय, मामाना दाना मातीमा जाऊ दे!" मी काय बोलणार? चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकच्या कराराचा माल त्या मर्यादेबाहेर ठेवला होता, तरी बाजार असा सूक्ष्म भेद पाहत नाही. तिकडे भारताच्या भरवशावर पेरलेल्या शेतकऱ्याची तूर कवडीमोल झाली. पुढे तिथल्या माणसाशी ओळख झाली तेव्हा तो त्याच वर्षाबद्दल बोलत होता आणि मला सारखे मामा आठवत होते. बंदी घालायला माझी हरकत नाही. आयात खुली करायलाही नाही. पण पेरणीनंतर नियम बदलला की इकडचा मामा आणि तिकडचा मामा, दोघंही मातीत.

गंमत म्हणजे या मर्यादेनेच आम्हाला आयातदार केलं. २०१८ पासून कोटा थेट गिरण्यांना वाटायला सुरुवात झाली. स्वतःची गिरणी आणि तिची क्षमता कागदावर दाखवायची, अर्ज करायचा. देशभरातून इतके अर्ज गेले की वाट्याला आलं ते चिमूटभर. एकट्याच्या मापात ते बसेना. मग एमआयडीसीतल्या आम्ही पाच जणांनी मिळून माल मागवायचं ठरवलं. अण्णा म्हणाले, "जे गाव आपन दखं नही, त्या गावना माल कसा लेवाना?" रास्त प्रश्न होता. आजवर आम्ही पोत्यात हात घालून, दाणा दाताखाली फोडून सौदे केले होते. आता पैसे डॉलरमध्ये, बँकेमार्फत, कागद हातात आल्यावर. आणि दाणा तीन आठवडे समुद्रात.

पहिले कागद आले ते पोर्तुगीजमध्ये. मोझांबिकवर १९७५ पर्यंत पोर्तुगिजांचं राज्य होतं, हे शाळेत कधीतरी वाचलं असेल, पण डोक्यात नव्हतं. आमच्या एका भागीदाराच्या ओळखीचे मडगावचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी फोनवर एकेक ओळ वाचून सांगितली. तुरीला तिथे 'फेजांव बोएर' म्हणतात, हे त्यांच्याकडूनच कळलं. मास्तरांनी फी घेतली नाही. दर दिवाळीला त्यांना पाच किलो डाळ जाते.

एवढं करून कंटेनर न्हावा शेव्यात अडकलाच. रोगमुक्तीच्या प्रमाणपत्रावर आमच्या फर्मच्या नावात एक अक्षर कमी पडलं होतं. तिकडून दुरुस्त कागद येईपर्यंत रोजचं भाडं चढत होतं आणि कोट्याची मुदत जवळ येत होती. पाच भागीदार रोज संध्याकाळी माझ्या ऑफिसात बसायचे आणि कोणी कोणाकडे बघायचं नाही. शेवटी कागद आला, माल सुटला. हिशेब केला तर मुंबईहून घेतलेली तूर स्वस्त पडली असती. अण्णांनी पोतं फोडलं, दाणा दातात धरला आणि एवढंच म्हणाले, "वाळलेला आहे."

ज्याच्याकडून माल घेतला त्याचा माणूस बैरा शहरात राहतो. कंटेनर मोझांबिकच्याच नाकाला बंदरातून निघतात आणि तो बसतो बैरात, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही. मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळाने बैरा झोडपून काढलं. आठवडाभर त्याचा फोन लागेना. लागला तेव्हा त्याने तुरीचं नावही काढलं नाही. भारताची सुजाता, शार्दूल आणि सारथी ही जहाजं मदतीला सगळ्यांच्या आधी पोचली, हे तो दोनदा सांगत होता, जणू ती मीच पाठवली होती. त्यानंतर आमच्यातला सूर बदलला. पुढच्या खेपेत चार पोती ओली निघाली तर फोटो पाठवायच्या आधीच त्याने रक्कम वजा करून दिली.

मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा खुली झाली आणि पाच-पाच वर्षांचे करार झाले: मोझांबिककडून वर्षाला दोन लाख टन, मलावीकडून पन्नास हजार, म्यानमारकडून एक लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद. त्यातला उडीद आमच्या जिव्हाळ्याचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला खानदेशात तोड नाही, हे बाहेरच्याला पटवत बसू नये. करारातला आकडा मला तेवढा महत्त्वाचा वाटत नाही, पाच वर्षं ही मुदत महत्त्वाची वाटते. बँकेचा मॅनेजर निदान ऐकून तरी घेतो.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, बँका बंद पडल्या आणि आमच्या यांगूनच्या दलालाचे पैसे कुठे अडकले ते त्यालाच कळेना. जून २०२३ मध्ये इकडे साठ्यावर मर्यादा आली. आमची मुलगी आता हिशेब बघते. दर आठवड्याला सरकारी पोर्टलवर साठा भरणं तिच्याकडे आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस नाकाला बंदरात तिथल्या निर्यातदारांच्या भांडणापायी तुरीचे कंटेनर पडून राहिले. आमचे दोन त्यात होते. दोन्ही देशांचं सख्य होतं, करार होता, माल तयार होता, तरी कंटेनर हलेना. बैराचा माणूस रोज खरं तेच सांगायचा: "आज नाही." एवढ्या एका गोष्टीवर मी दिल्लीच्या गिऱ्हाईकाला तारीख न देता थांबवून ठेवलं आणि ते टिकलं. शब्द देऊन मोडलेल्या दुसऱ्या गिरण्यांची गिऱ्हाइकं मात्र गेली.

मामांशी बोलणं पुन्हा सुरू व्हायला तीन वर्षं लागली. एका नोव्हेंबरात त्यांचाच फोन आला. भावाचं विचारलंच नाही, सरळ म्हणाले, "भाचा, तुन्हं जहाज कधळ येस?" तूर काढल्यावर लगेच विकायची की महिनाभर थांबायचं, हे त्यांना ठरवायचं होतं. मी फळ्याशेजारच्या कागदावरची तारीख वाचून सांगितली. अण्णा खुर्चीतून ऐकत होते. म्हणाले, "त्याला किती कंटेनर येताहेत तेही सांग." सांगितलं. आता दरवर्षी दिवाळीनंतर तो फोन येतो आणि मुलगी मला न विचारताच त्यांना तारीख देते.