डेथ स्टार 30 सेमी: फायबर तुटण्याचं कारण सापडलं

‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या डेथ स्टार या गोल अवकाशस्थानकाच्या 30 सेमी व्यासाच्या मॉडेलमध्ये उत्तर गोलार्धातले फायबर (एलईडीचा उजेड बाहेर आणणारे बारीक तंतू) पुन्हा मोडले, पण कारण हाती लागलं. दोष ड्रिलिंगचा नव्हे, सुपरग्लूचा. 0.25 मिमीचे फायबर ॲक्रिलिकचे असतात आणि ताणाखालच्या ॲक्रिलिकला सुपरग्लू लागला की तडे जातात. मोडलेलं टोक भिंगाखाली धरा: गोंदाचा थर जिथे संपतो, तिथेच फायबर आडवा, काचेसारखा सरळ तुटलेला दिसतो. त्यात मुंबईचा पावसाळा. दमट हवेत सुपरग्लूची वाफ पारदर्शक डोमवर (मॉडेलच्या अर्धगोलावर) पांढरी बसते, ती वेगळीच.

आता पद्धत अशी: भोक 0.3 मिमीचं, फायबर बाहेर सेंटीमीटरभर सोडायचा आणि आतून फेविकॉलचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब. या हवेत तो रात्रभर सुकू द्या. डोम उताणा ठेवा, उपडा ठेवला तर आत ओल कोंडते. जुडगा एलईडीकडे नेताना 10 मिमीपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नका. टोकं छाटायची ती रंगकाम उरकल्यावर, नव्या ब्लेडने.

डिश (डेथ स्टारच्या महातोफेची बशीसारखी खोलगट जागा) मात्र सुरेख जमली! कडेच्या आठही फायबरना हिरवा उजेड एकसारखा येतोय. डिशची जागा ठरवताना 1977 च्या चित्रपटातला बंडखोरांच्या बैठकीतला आराखडा बघू नका; त्यात ती विषुववृत्तावर आहे, प्रत्यक्षात उत्तर गोलार्धात.

वॉर्म व्हाइट एलईडी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एकाच लॉटमधले घ्या, छटा लॉटगणिक बदलते. 12 व्होल्टवर तीन-तीन सिरीजमध्ये, दर सिरीजला 150 ओमचा रेझिस्टर.

आता मापाचा हिशेब. चित्रपटातल्या डेथ स्टारचा व्यास 160 किमी धरला तर 0.25 मिमीचा फायबर म्हणजे 133 मीटर रुंदीचा दिवा. फारच ढोबळ! (एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे चित्रपटात ज्यातून मारा करून डेथ स्टार उडवतात ते भोक, मागणाऱ्यांसाठी: 2 मीटरचं ते तोंड इथे 0.004 मिमी येतं, सोडून द्या.) म्हणून दक्षिण गोलार्धात फायबर नकोतच. डोम आतून 400 च्या पॉलिश पेपरने धुरकट करायचा, बाहेरून आधी काळा, मग करडा ॲक्रिलिक रंग, आणि पिन व्हाइसमध्ये (बारीक हातपकडीत) सुई धरून रंगालाच 0.1 मिमीची टोचणी. रंग पुरता टणक व्हायच्या आत टोचावं, नाहीतर काठाचा पापुद्रा सुटेल. उजेड फायबरपेक्षा मंद पडणार, तेव्हा दोन्ही गोलार्धांना वेगळे डिमर. मधल्या ट्रेंचला (विषुववृत्तावरच्या खाचेला) फायबरच राहतील. चाचणी आधी फुटक्या डोमच्या तुकड्यावर.