आमची वाटचाल : काळा गूळ, सोंडे आणि समोरचं दुकान

२०१४ च्या दसऱ्याला कोथरूडमधे दहा बाय बाराच्या गाळ्यात सेंद्रिय मालाचं दुकान सुरू केलं. ३२ घरांनी तीन-तीन हजार टाकलेले, माल वेल्हे-मुळशीच्या सात शेतकऱ्यांचा. दुकान सगळ्यांचं पण शटर वर करणारे दोघंच, मी आणि माझा पार्टनर, त्याचं पुढे येईलच.

इलेक्ट्रॉनिक काटा परवडत नव्हता म्हणून तागडी. पन्नास ग्रॅमचं वजन दर आठवड्याला हरवायचं, शेवटी त्याला लांब सुतळी लावून गल्ल्याच्या कडीला बांधून टाकलं. आजही तसंच आहे, गिऱ्हाईक हसतात, हसू देत.

तीन वर्षं बरी गेली, २०१७ ला फाटलं. कारण गूळ. आमचा काळपट, कढईत भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढलेला. लोकांना हवा पिवळाधमक. पार्टनर म्हणाला दोन्ही ठेवू, मी म्हटलं तो पिवळेपणा रंग उजळवणाऱ्या हायड्रॉस नावाच्या रसायनाचा असतो हे आपणच सांगत फिरायचं आणि आपणच विकायचा का. तो गेला, दोन महिन्यांत रस्त्याच्या पलीकडे दुकान, बोर्डावर हाताएवढ्या अक्षरात ऑरगॅनिक. शेतकऱ्यांच्या नंबरांची वही पण त्याच्याकडेच राहिली, आमचे दोन शेतकरी त्याच वहीतून गेले. बरं, त्याच्याकडे आषाढात पण मटार! आमच्याकडे तेव्हा टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी अशा रानभाज्या, आणि लोक विचारणार "एवढंच?" अहो त्या पावसात पालेभाजी सडते, एवढंच असतं. (भागीदारी सख्ख्या मित्राशी असली तरी स्टँपपेपरवर करा, आणि वही स्वतःच्या घरी ठेवा.)

२०१८ च्या पावसाळ्यात तर बुडालोच होतो. १८ क्विंटल इंद्रायणी एकदम भरून ठेवली होती, गाळ्याला ओल, औषधाच्या गोळ्या आम्ही टाकत नाही, सगळ्या कट्ट्यांत सोंडे. कुणीतरी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, दोन दिवसांत अकरा घरांनी पैसे परत मागितले. मी सगळा तांदूळ गच्चीवर उन्हात घालायला निघालो होतो तेवढ्यात आमच्या गिऱ्हाईक आजी आल्या. निवृत्त शिक्षिका, वर्षाचा तांदूळ आगाऊ पैसे देऊन घेणाऱ्या. आधी मला झापलं, "उन्हात घालतोस? कणी होईल सगळ्याची! आणि कडुलिंबाचा पाला कुठंय?" मग घरनं सूप आणून गाळ्यात बसल्या, चार दिवस, सावलीत पसरायचं, चाळायचं, पाखडायचं. त्यांना बघून आणखी सहा-सात बायका आल्या. तरी पाचेक क्विंटल गेलाच, कोंबड्यांना घातला. पैसे मागणाऱ्या अकरा घरांचे सगळे परत केले, माझ्या बायकोच्या बांगड्या मोडून, हे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून तांदूळ भरतच नाही. भात साळीतच ठेवतो आणि पंधरा दिवसांचं लागेल तेवढं गिरणीतून काढतो, साळीला एवढी कीड लागत नाही. तुम्ही पण घरी वर्षाचा भरू नका, दोन महिन्यांचा पुरे. आणि पीजीएस केलं, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या सेंद्रिय शेतीची हमी द्यायची पद्धत, त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, एकमेकांची शेतं जाऊन बघायची. आमचे उरले होते बरोब्बर पाच.

लॉकडाऊनमधे धंदा दुप्पट झाला. आज ७० घरं आहेत. पार्टनरचं दुकान अजून आहे, गर्दी आमच्यापेक्षा जास्त, क्रेट उतरताना मी मोजतो, खोटं कशाला बोलू.

मागच्या महिन्यात त्याच्याकडचा पोऱ्या आला, दहा किलो इंद्रायणी द्या म्हणाला, शेठच्या घरी खायला. दिली. एक रुपया कमी केला नाही.